बडगीवरचं पॉलिश

पारोळा मागे पडलं तरी लीलाधर गाडी जपूनच चालवत होता. मागच्या सीटवर ब्लँकेटात गुंडाळलेली बडगी होती आणि तिला सीटबेल्ट लावलेला होता. शेजारी बसलेली पुतणी दिपमाला त्यावर हसली, तेव्हा तो म्हणाला, "हस, हस. तुह्या बापाचा जीव आहे तिच्यात. एक ओरखडा दिसला तर मले शेताच्या बांधावरूनच परत पाठवीन."

बडगी म्हणजे सागाच्या बुंध्यात कोरलेलं जाड, खोलगट भांडं. भाजलेली वांगी त्यात टाकून मुसळीने ठेचायची, की झालं भरीत. असोद्याच्या भोळे घराण्याची ही बडगी पणजोबांच्या वेळची. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा लीलाधरने ना केळीचा मळा मागितला, ना घर. धुळ्याला जाऊन वेफर्सचा कारखाना काढायचा होता त्याला. त्याने फक्त बडगी मागितली. थोरल्या विक्रमने ती देऊन टाकली, पण मनातून नाही दिली. तेव्हापासून असोद्याला भरीत स्टीलच्या पातेल्यात व्हायचं आणि दरवर्षी विक्रम पहिला घास घेऊन म्हणायचा, "पातेल्याची चव आली." हे वाक्य फोनवरून धुळ्याला पोचवायचं काम सावद्याला दिलेली बहीण, मंजुळा अक्का, न चुकता करायची.

यंदा लीलाधरने स्वतःहून सांगितलं होतं, बडगी घेऊन येतो. कारण तसंच होतं. दिपमाला वर्षभर त्याच्याकडे राहून धुळ्याच्या डिझाइन कॉलेजात शिकत होती. हे पहिलं वर्ष पायाचं. त्यात कोणतीच एक विद्या शिकवत नाहीत. थोडे दिवस माती, थोडे दिवस कापड, मग धातू, लाकूड, फोटो, अक्षरं आणि पाकिटं. सगळ्यांत हात घालून झाला की मग एक निवडायची आणि पुढची तीन वर्षं तीच. ते नाव उद्या, सोमवारी, कॉलेजात सांगायचं होतं. घरातल्या पोरीच्या आयुष्याचा प्रश्न फोनवर सोडवणं भोळ्यांच्या रक्तात नाही. त्याला भरीतच लागतं.

"मंग, काय ठरलं तुहं?" लीलाधरने समोर बघत विचारलं.

"ठरेल नही, काका."

"ठरायचं काय त्याच्यात? पाकिटाले पहिला नंबर तुहा. मॅडम स्वतः मले म्हने, हिचा हात अक्षरावर बसला आहे."

दिपमाला चुळबुळली तशी सीट करकरली. सीटवर कंपनीचं प्लॅस्टिक तसंच होतं. गाडी घेतल्यापासून लीलाधरने ते काढू दिलं नव्हतं. त्याला चकाकी आवडायची. बूट, गाडी, कारखान्याची पाटी, सगळं लखलखीत हवं. त्या पाटीवर 'दिपमाला वेफर्स' असं होतं. त्याला स्वतःला मूलबाळ झालं नाही. ही जन्मली त्याच वर्षी कारखाना सुरू झाला आणि नाव ठेवताना त्याला दुसरं काही सुचलंच नाही. पाकीट मात्र अजून कुठल्याशा छापखान्याने काढून दिलेलं, वाकड्या केळ्याचं. ते बदलायचं तर हिच्याच हाताने, असं त्याने मनाशी धरून ठेवलं होतं. बोलून मात्र दाखवलं नव्हतं कधी. पोरीवर ओझं नको.

आता वर्ष संपत आलं होतं आणि ही म्हणत होती, ठरेल नही.

---

असोद्याच्या मळ्यात दिपमालाची आई उषा वांग्यांना तेल लावत बसली होती. भरताची वांगी, हिरवी-पांढरट, नारळाएवढी. पलीकडे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग रचून विक्रम काड्यापेटी शोधत होता. सासरे चुडामण नाना बाजेवर ऊन खात बसले होते. सावद्याहून नणंद, पोरीच्या मंजुळा आत्या, सकाळच्या एसटीनेच आल्या होत्या आणि आल्यापासून त्यांनी मिरच्या निवडता निवडता सगळ्या गावाचा हिशेब लावला होता.

गाडी आली. लीलाधरने बडगी उतरवली नाही. "आधी पोरीचं काम पाहा," म्हणाला. त्याला बडगी शेवटी, सगळे जमल्यावर, थाटात काढायची होती. दिपमालाने डिकीतून पत्र्याची ट्रंक काढली आणि नानांच्या बाजेवर वर्षभराचा पसारा मांडला.

उषाने हात पुसले आणि जवळ गेली. पोरीने फोनवर हे सगळं सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि हातात घेणं वेगळं. मातीची एक वाटी होती, कडेला बोटांचे ठसे तसेच ठेवलेली. ठशांनी छापलेलं कापड होतं, केळीच्या पानाच्या शिरांचं. तांब्याची पट्टी ठोकून केलेली कानातली होती. उषाने ती नकळत कानाला लावून पाहिली आणि कोणी बघत नाही ना, म्हणून इकडंतिकडं पाहिलं. मंजुळा आत्या बघतच होत्या.

"लाव, लाव. तुले शोभतं," आत्या म्हणाल्या आणि कापड उचलून उन्हात धरलं. "हे पाहा. हे खरं काम व्हय. दिपू, तू कापडाचंच घे. सावद्याले दुकान टाकू. बायका लाइन लावतीन."

"दुकान टाकायले डिझाइन कायले शिकाले पाहिजे?" विक्रम काड्यांपाशी उभा राहून म्हणाला. "मी सांगतो, ड्रॉइंग टीचर हो. शाळेत नोकरी. सुट्ट्या. पेन्शन."

"आता कुठी राह्यली पेन्शन, दादा?" लीलाधर हसला. "अन् शाळांमध्ये ड्रॉइंगच्या जागाच भरत नही. अक्का बरोबर म्हने, धंद्याचं पाहाले पाहिजे. फक्त कापड नही. हे पाहा, ह्याले म्हनतात काम." त्याने ट्रंकेतून एक कागदी पाकीट काढलं. कॉलेजात सराव म्हणून दिपमालाने केलेलं, पिवळ्यावर हिरव्या अक्षरांचं. "बठ्ठं धुये फिरलो तरी असं पाकीट दिसनार नही."

"'सारं' सोडून 'बठ्ठं' म्हने!" आत्यांनी लगेच पकडलं. "पाहा नाना, पोऱ्या पुरा धुयाचा झाला."

सगळे हसले. विक्रमही हसला, पण हसता हसता त्याची नजर गाडीकडे गेली. बडगी अजून आतच होती.

"मले एक सांग, दिपू," तो म्हणाला, "सारं थोडं थोडं शिकवलं, म्हनजे एकही पुरं नही. वर्ष वायाच गेलं का नही?"

तेवढ्यात बाजेवरून नानाच बोलले. नाना दिवसात मोजकं बोलायचे, म्हणून ते बोलले की मिरच्यासुद्धा थांबायच्या.

"विक्रम, ही वांगी कोनं आनली?"

"मीच आनली. बाजारातून."

"पहिल्याच टोपलीतून उचलली का?"

"तसं कसं? हातायल्याशिवाय? भरताचं वांगं हलकं पाहिजे. जड लागलं की आत बियाच बिया."

"मंग पोरीनं हातायलं तर वाया कसं गेलं?" नानांनी दिपमालाकडे पाहिलं. "तू सांग व माय. तुह्या हाताले हलकं कोनतं लागलं?"

प्रश्न सोपा होता, आणि तरी दिपमाला गोंधळली. उषाला ते दिसलं. पोरीला कुतूहल भारी, लहानपणापासून. रेडिओ उघडायची, घड्याळ उघडायची, एकदा आत्यांचं शिवणयंत्र उघडून ठेवलं होतं. पण परत जोडताना तिला आठवायचं नाही की आपण काय शोधत होतो. सगळ्यातच रस असलेल्या माणसाला एक निवड म्हटलं की बाकीचं सोडावं लागतं, आणि उषाला वाटलं की पोरगी निवडायला घाबरत नाही, ती सोडायला घाबरते आहे.

"पाकिटाले जास्त मार्क मिळाले," दिपमाला शेवटी म्हणाली.

"मी मार्क नही विचारले," नाना म्हणाले आणि डोळे मिटून परत उन्हाकडे तोंड केलं.

उषा ट्रंक आवरायला बसली. पाकीट, फोटो, तांब्याची पट्टी, सगळं वरवर कोंबलेलं होतं. ज्याला पहिला नंबर, ते पाकीटसुद्धा एका कडेला दुमडलं होतं. तळाशी मात्र मलमलच्या फडक्यात काहीतरी नीट गुंडाळून ठेवलेलं तिच्या हाताला लागलं. तिने फडकं सोडलं. आत लाकडाचा एक डाव होता. वाकडा. दांडा एका बाजूला कललेला, खोलगट भाग जरा जास्तच खोल. त्याला तिळाच्या तेलाचा वास येत होता. कोणीतरी तो रोज तेल लावून पुसत होतं.

"हे काय गं?"

"काही नही. लाकडाच्या वर्कशॉपमधलं. बाकीच्यांनी स्टूल केले तेवढ्या दिवसांत. माह्याकडून एवढंच झालं. नापासच होते मी त्याच्यात, जवळजवळ." दिपमालाने तो डाव जरा घाईनेच तिच्या हातून घेतला आणि परत फडक्यात गुंडाळला.

उषाने बाकीचं सामान ट्रंकेत रचलं. पण तिला कळलं. पोरीने नानांना जे सांगितलं नव्हतं, ते त्या फडक्यात होतं.

---

काड्या पेटल्या, वांगी फटफटायला लागली, धुराचा तो खमंग वास मळाभर पसरला. आणि मग लीलाधरने बडगी आणली.

त्याने ब्लँकेट बाजूला केलं. बडगी लखलखत होती. आतून, बाहेरून, काठावरून. तिच्यात आभाळ दिसत होतं. विक्रम वाकला आणि त्याला तिच्यात स्वतःचं तोंड दिसलं.

"कशी वाटली?" लीलाधर अगदी फुलून गेला होता. "आपल्या शोकेसचं फर्निचर ज्याने केलं ना, त्याच्याकडून करून घेतली. मेलामाइन पॉलिश. साधं नही, ग्लॉसी. दोन हात मारले आतून."

मंजुळा आत्या जवळ आल्या, नाक पुढे केलं आणि मागे झाल्या. "कायचा वास येऊन राह्यला?"

"पॉलिशचा. जाईन तो."

"खायाच्या भांड्याले पॉलिश?" आत्यांचा आवाज चढला. "गरम वांगं पडलं का ते सुटीन, लीला! भरीत खायाचं का पॉलिश खायाचं?"

लीलाधरचा चेहरा उतरला. हे त्याला खरंच सुचलं नव्हतं. धुळ्याला बडगी हॉलमध्ये काचेच्या कपाटात होती, वरून दिवा सोडलेली. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगायचा, ही आमच्या मायची. तिच्यात काही ठेचायचं असतं हे विसरायला त्याला इतकी वर्षं पुरली होती. धुळ्याला त्याच्या घरी भरीत मिक्सरमध्ये होत असे, आणि हे सत्य त्याने अक्कापासून आजवर लपवलं होतं.

विक्रमला राग आला. आधी हसू येईल असं वाटलं होतं, पण रागच आला. "इतकी वर्षं पातेल्यात खाल्लं आम्ही," तो म्हणाला. "का? तर बडगी धुयाले आहे. अन् तू तिचं हे केलं. शोभेची बाहुली! मी दिली नसती, लीला. मायनं ऐकलं असतं तर—"

"मायसाठीच केलं!" लीलाधरही चिडला. "तुले काय वाटलं, मिरवाले केलं? चांगली दिसाले पाहिजे म्हनून केलं. तिची वस्तू व्हय ती!"

"मिरवालेच केलं. गाडीचं प्लॅस्टिक काढत नही तू, तू काय—"

"दादा, गाडीपर्यंत जाऊ नको!"

"अरे, वांगी जळतीन!" उषा ओरडली, तेव्हा कुठे दोघे थांबले. आत्यांनी तोंड पाडून पातेलं मागवलं. तेच ते स्टीलचं. विक्रमने वांगी सोलायला घेतली आणि एकेका सालीवर सगळा राग काढला. पाकीट की कापड की शाळा, हा वाद तिथंच पडून राहिला. बडगी बांधावर एकटी चकाकत होती.

---

दिपमालाने ती उचलून आंब्याखाली नेली. का, ते तिला सांगता आलं नसतं. वजन मात्र ओळखीचं वाटलं. खूप लहान असताना तिला ह्या बडगीत बसवून फोटो काढला होता म्हणे.

ट्रंकेच्या कप्प्यात लोखंडाची पत्ती होती, लाकूड खरवडायची. वर्कशॉप संपलं तेव्हा परत करायची ती हिने केलीच नव्हती. आपण ती का ठेवून घेतली, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नव्हता. आता पत्ती दोन्ही अंगठ्यांनी जरा वाकवून धरली आणि काठावरून ओढली. पॉलिशचा पातळ, पिवळा पापुद्रा निघून आला. खाली लाकूड दिसलं. चकाकतं नाही, मऊ. तपकिरी.

अजून एकदा ओढली. मग अजून.

काठाच्या आतल्या बाजूला, जिथे मुसळी कधी पोचत नाही, तिथे छिन्नीचे घाव सापडले. छोटे, एकमेकांशेजारी. कोणीतरी कधीतरी ही घाई न करता कोरली होती. दिपमालाला वाटलं, त्या माणसाचा हात कसा वळत असेल? घाव उजवीकडून आले आहेत की डावीकडून? ती वाकून बघत राहिली. वर्कशॉपमध्ये लाकडाचे सर तिला म्हणायचे, तू करत कमी आणि बघत जास्त. तेव्हा ते तिला टोचलं होतं.

मग ती तळाकडे वळली. पॉलिशने तळ एकसारखा, गुळगुळीत दिसत होता. पण पत्ती एका ठिकाणी सारखी अडकायला लागली. मधोमध नाही, जरा बाजूला. तिने बोट फिरवलं. तिथे खळगा होता. बाकी तळापेक्षा नक्की खोल. पॉलिश तिथे साचून जाड झालं होतं आणि वरून सपाट दिसत होतं.

पुऱ्या तळल्याचा वास आला. कोणीतरी हाक मारली. तिने हो म्हटलं असावं. उषा केळीच्या पानावर भरीत-पुरी घेऊन आली आणि तिच्या शेजारी ठेवून तशीच परत गेली. मागे वळून नवऱ्याला खुणेनं म्हणाली, हाक मारू नका. भरीत पानावरच गार झालं. दिपमालाच्या ओढणीवर, केसांत, पापण्यांवर भुसा बसला होता.

सावली हलली तेव्हा तिला दिसलं की समोर नाना उकिडवे बसले आहेत. कधीचे, कोण जाणे.

"नाना, अठी खळगा आहे. हा असा एका बाजूले का?"

नानांनी वाकून पाहिलं आणि त्यांच्या तोंडावर हसू पसरलं. "तुही आजी मुसई अशी मारे." त्यांनी हात तिरका करून दाखवला. "सरळ मारताच येत नव्हती तिले. माही माय रागवे, म्हने बडगी वाकडी करून टाकशीन. ते पाहा, करून टाकली."

मागे पावलं वाजली. लीलाधर होता. हातात त्याचं पान, अर्धं जेवलेलं. बांधावर बसून तो एकटाच जेवत होता आणि त्याला घास जात नव्हता. नानांचं बोलणं त्याने ऐकलं होतं.

"काका, डोळे मिटा," दिपमाला म्हणाली. "हात द्या."

त्याने पान खाली ठेवलं, पँटला हात पुसला आणि डोळे मिटले. तिने त्याची बोटं बडगीत टेकवली आणि सोडून दिली. पॉलिश केलेल्या भागावरून ती घसरत गेली, खरवडलेल्या लाकडावर आली, मंदावली. मग स्वतःच बाजूला वळली आणि खळग्यात जाऊन थांबली.

"अठी," लीलाधर म्हणाला. डोळे त्याने उघडलेच नाहीत. "अठी माय मारे. आवाज वेगळा यायचा. मी इकडून बसत व्हतो, तिच्या गुडघ्यापाशी. ती पहिला चिमटा मले द्यायची, तिखट लागतं का पाहा म्हने..."

तो रडला. पोरीसमोर, बापासमोर, उघड्यावर. नानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, ते तसे नव्हतेच कधी. त्यांनी फक्त त्याच्या पानावर बसलेली माशी हाकलली.

"आन मी तिच्यावर दोन हात मारले," लीलाधर डोळे पुसत म्हणाला.

"निघतं ते," दिपमाला म्हणाली. "वेळ लागीन. पण निघतं."

"किती वेळ?"

"माहीत नही. मले लाकडात वेळ कळतच नही, काका." आणि हे बोलल्यावर तीच थांबली. नानांकडे वळून म्हणाली, "नाना, हलकं नही लागलं मले. सगळ्यात जड हेच लागलं. अन् तरी सोडवत नही."

लीलाधरला समजलं. समजायला हुशारी लागत नव्हती. तिच्या केसांतला भुसा पुरेसा होता. पाकिटाचं स्वप्न त्याच्या डोळ्यांसमोरून हळूच निघून गेलं, आणि ते जाताना दुखलं. पण त्याचं बोट अजून खळग्यातच होतं.

"लाकूड?" त्याने विचारलं.

"लाकूड."

---

ही बातमी पातेल्यापाशी पोचल्यावर व्हायचं ते झालं. मंजुळा आत्या म्हणाल्या, पोरीच्या जातीनं सुतारकाम? विक्रम म्हणाला, जेच्यात नापास तेच घ्यायचं, हा कुठला न्याय? आणि मग सगळ्यांना धक्का बसला तो लीलाधरमुळे, कारण तो उठून पोरीच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"नापास नही, दादा. ती हळू काम करते. फरक आहे."

"सकाळी तर तू पाकीट पाकीट करत व्हता!"

"सकाळी पॉलिश व्हतं," लीलाधर म्हणाला. त्याने बडगी उचलली आणि भावाच्या पुढ्यात ठेवली. "पाहा. हात घाल. मायची जागा सापडली तिले."

विक्रमने हात घातला. बराच वेळ त्याने तो बाहेर काढला नाही. काढला तेव्हा आवाज खाली आला होता. "अर्धं निघालं," तो म्हणाला. "तळ राह्यला."

"म्हनून म्हनतो, बडगी अठीच राहू दे आता. तुह्याकडे. माही चूक झाली."

इतक्या वर्षांनी विक्रमला हेच ऐकायचं होतं. हेच, ह्याच शब्दांत. उषाने नवऱ्याकडे पाहिलं. तो आनंदेल असं तिला वाटलं. पण विक्रम लेकीकडे बघत होता. दिपमाला काही मागत नव्हती. तिचा अंगठा तेवढा काठावर होता, जिथे पॉलिश संपून लाकूड सुरू होत होतं, आणि तो तिथंच मागेपुढे फिरत होता.

"अठी ठेवून काय करू?" विक्रम म्हणाला. "मले खरवडता येतं का?"

त्याने बडगी लेकीकडे सरकवली.

"ने व," तो लेकीला म्हणाला. "अर्धं काम कोनाच्या भरवशावर सोडशीन? पन पुढच्या हिवाळ्यात भरीत हिच्यातच. आन ठेचशीन तू. सरळ नको मारू, तुह्या आजीसारखी मार."

आत्या उठून पातेलं घासायला लागल्या. "मी काय म्हनते," पाठमोऱ्याच म्हणाल्या, "लाकडाचं असलं तरी कापडाचे ठसे लाकडाचेच असतात ना? मंग सावद्याचं दुकान व्हऊ शकते." उषाने जाताना तांब्याची कानातली आत्यांच्या पिशवीत सरकवली. आत्यांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

बडगी विक्रमने स्वतः गाडीत ठेवली.

परतताना दिपमाला पुढे बसली नाही. ती मागे बसली, बडगी मांडीत घेऊन. एरंडोल यायच्या आत पत्तीचा आवाज सुरू झाला. खर्र, खर्र. लीलाधरने आरशात पाहिलं. प्लॅस्टिकवर पिवळा पापुद्रा आणि तपकिरी भुसा पडत होता, सीटच्या खाचांत जाऊन बसत होता. ह्या गाडीत त्याने कोणाला साधी वेफर्सची पुडी फोडू दिली नव्हती.

"काका, तुमच्या मनातलं वेफर्सचं पाकीट आमच्या वर्गातला एक मुलगा छान करीन. मी बोलते त्याच्याशी."

"करू दे," लीलाधर म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "नाव तुहंच राहीन पन त्याच्यावर. ते नही बदलायचं."

"नका बदलू."

पत्ती पुन्हा चालू झाली. मग तिचं सीटकडे लक्ष गेलं आणि ती चपापली. "अरे देवा, किती घाण झाली. थांबा, खिडकी उघडते. उडून जाईन सारं."

"उघडू नको," लीलाधर म्हणाला. "राहू दे तो भुसा." आणि त्याने रेडिओही बंद केला.